संघ वाईट, माणसं चांगली

ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाविषयीचा राग ही मराठी मध्यमवर्गीय घरातली वडिलोपार्जित मालमत्ता आहे. तिला सातबारा नाही, वारसनोंद लागत नाही आणि तिच्यावरून भाऊबंदकीही होत नाही, कारण कितीही जणांत वाटली तरी ती कमी होत नाही. अशा या मालमत्तेचे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हळूहळू आदरात रूपांतर कसे झाले, आणि ते झाल्याचे कोणीच कबूल का करत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

राग पराभवातून येतो, असा एक समज आहे. तो टिकत नाही. 1983-84 मध्ये वेस्ट इंडीजचा संघ इथे येऊन कसोटी मालिका 3-0 आणि एकदिवसीय मालिका 5-0 अशी जिंकून गेला. तरी मार्शल आणि लॉइड यांची नावे आजही घराघरांत हळव्या आवाजात घेतली जातात. 2024 मध्ये न्यूझीलंडने बेंगळुरू, पुणे आणि मुंबई या क्रमाने भारताला घरच्या मैदानांवर 3-0 असे लोळवले. गहुंजेच्या उन्हात पैसे मोजून पराभव पाहून आलेल्या पुणेकरांनीही त्यावर "गुणी पोरं आहेत हो" एवढाच शेरा दिला. न्यूझीलंडचा खेळाडू जिंकल्यावर शेजाऱ्याची कुंडी फुटल्यासारखा ओशाळतो. ऑस्ट्रेलियाचा खेळाडू नाणेफेकीलाच जिंकलेला दिसतो. रागाचे मूळ पराभवात नसून या दिसण्यात आहे.

तरीही रागाला पुरावा लागतो आणि तो जमवण्यात मराठी प्रेक्षक दक्ष असतो. मूळ पुरावा अवघ्या दोन धावांचा आहे. 1987 च्या विश्वचषकात मद्रासला डीन जोन्सचा एक फटका पंचांनी चौकार ठरवला. डाव संपल्यावर ऑस्ट्रेलियाने तक्रार केली, कपिलदेवने मोठ्या मनाने तो षटकार असल्याचे मान्य केले, 268 च्या 270 झाल्या आणि भारत 269 वर सर्वबाद झाला. तेव्हापासून मराठी घरांत मोठ्या मनाकडे थोडे संशयानेच पाहिले जाते. 1992 च्या विश्वचषकात ब्रिस्बेनला पावसाने भारताची तीन षटके नेली, पण लक्ष्यातून दोनच धावा वजा झाल्या आणि भारत पुन्हा एका धावेने हरला. त्या पावसालाही अनेकांनी ऑस्ट्रेलियाचा बारावा खेळाडू म्हणून नोंदवून ठेवले.

पुराव्याइतकीच महत्त्वाची आहे वेळ. ऑस्ट्रेलियातले बरेचसे कसोटी सामने भारतात पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. गजर लावून उठायचे, शाल पांघरायची, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा आणि पहिल्याच षटकात सलामीवीर परत फिरताना पाहायचा, हा एका पिढीचा हिवाळा होता. चॅनल नाइनच्या प्रक्षेपणात शून्यावर बाद होणाऱ्या फलंदाजाच्या सोबतीला एक चितारलेले बदक रडत रडत चालत असे. दूधवाला येण्याआधी हे बदक दोनदा येऊन गेलेले असे. आतल्या खोलीतून प्रश्न येई, "स्कोअर काय झाला?" बाहेरून उत्तर जाई, "तू झोप." धावफलक समजायला तेवढे पुरत असे. साखरझोप मोडून अपमान पाहण्याचा हा प्रकार इतर कोणत्याही संघाने इतक्या नियमितपणे पुरवलेला नाही.

1999 च्या डिसेंबरात अॅडलेडला मॅकग्राचा आखूड टप्प्याचा चेंडू उसळलाच नाही आणि खाली वाकलेल्या तेंडुलकरच्या खांद्यावर बसला. पंचांनी त्याला शून्यावर पायचीत दिले. खांदा हा पायाचाच भाग असल्याचे शाळेच्या विज्ञानात कोणी शिकवले नव्हते. त्या दिवशी कचेऱ्यांमध्ये मानवी शरीराच्या रचनेवर जी चर्चा झाली, तेवढी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातही वर्षभरात होत नसावी.

2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने 2 बाद 359 धावा केल्या. त्यांपैकी रिकी पाँटिंगच्या नाबाद 140. इतक्या धावा एखादा माणूस स्वतःच्या गुणांवर करू शकतो, हे मान्य करण्यापेक्षा त्याच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती हे मान्य करणे सोपे गेले. ही बातमी कोणत्या वर्तमानपत्रात आली हे कोणालाच सांगता येत नसे, पण ती कोणाच्या ना कोणाच्या मेहुण्याने वाचलेली असे.

"स्प्रिंग होती म्हणतात. मॅच पुन्हा घेणार आहेत."

"कधी?"

"तारीख ठरायचीय."

ती तारीख अजून ठरायची आहे. काही घरांत आजही स्प्रिंग हे तथ्य आणि ते 359 हे मत मानले जाते.

2004 मध्ये ऑस्ट्रेलियाने तब्बल पस्तीस वर्षांनी भारतात कसोटी मालिका जिंकली आणि तीही नागपुरात. खेळपट्टीवर इतके गवत होते की पाहुण्यांना माहेरी आल्यासारखे वाटले. आपल्याच गावात त्यांचे असे लाड झाल्याने दोष नेमका कोणाला द्यावा, हा पेच पडला. विदर्भाचा अनुशेष भरून काढण्याची ही रीत बरोबर नाही, असे मत पश्चिम महाराष्ट्राने घाईने नोंदवले आणि ऑस्ट्रेलियावरचा राग दोन दिवस अंतर्गत वादात खर्ची पडला.

रागाला राज्यव्यापी स्वरूप आले ते 5 नोव्हेंबर 2006 रोजी, मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. चॅम्पियन्स करंडकाच्या बक्षीस समारंभात पाँटिंगने क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष शरद पवार यांना खूण करून करंडक लवकर द्यायला सुचवले आणि छायाचित्रासाठी जागा व्हावी म्हणून डेमियन मार्टिनने त्यांना हाताने बाजूला सारले. महाराष्ट्राच्या राजकारणात जे अनेकांना अनेक वर्षे जमले नव्हते, ते एका पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजाने एका हाताने केले. पवारांना जन्मात मत न दिलेली माणसेही त्या रात्री खवळली.

"साहेबांना ढकलतो म्हणजे काय?"

"अहो, पण तुम्ही तर त्यांच्या विरोधात…"

"विरोध आम्ही करू. तो आमचा घरचा प्रश्न आहे."

पुढे पाँटिंगने माफी मागितली आणि पवारांनी विषय संपवला. प्रेक्षकांनी संपवला नाही. पवारांपेक्षा पवारांचा अपमान जास्त दिवस लक्षात ठेवणे, ही त्यांनी आपली जबाबदारी मानली.

जानेवारी 2008 मध्ये सिडनीला राग शिगेला पोहोचला. अँड्र्यू सायमंड्स 30 धावांवर असताना त्याच्या बॅटची कड लागल्याचा आवाज इथे डोंबिवलीपर्यंत आला, फक्त पंच स्टीव्ह बकनर यांच्यापर्यंत पोहोचला नाही. सायमंड्सने नाबाद 162 केल्या. गांगुलीचा झेल क्लार्कने घेतला की नाही हे पंचांना दिसले नाही, म्हणून त्यांनी क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधारालाच विचारले आणि पाँटिंगने स्वतःच बोट वर केले. शेवटी एकच संघ खेळाच्या भावनेने खेळत होता, असे अनिल कुंबळेने शांतपणे सांगितले. टीव्हीसमोर मात्र तेवढी शांतता नव्हती. प्रतिस्पर्ध्याला मैदानावर टोमणे मारणे असभ्य असते, हे मत बैठकीच्या खोल्यांमधून ज्या भाषेत मांडले गेले, ती स्टंपमधल्या माइकलाही झेपली नसती.

इथपर्यंतचा इतिहास सरळ आहे. गुंतागुंत सुरू होते ती अपवादांपासून. कोणताही द्वेष टिकवायचा तर त्यातून एकही माणूस सुटता कामा नये, ही साधी खबरदारी मराठी प्रेक्षकाने घेतली नाही. पहिला सुटला अॅडम गिलख्रिस्ट. 2003 च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध पंचांनी नाबाद ठरवले असताना तो स्वतःहून चालू लागला. मग स्टीव्ह वॉ. भारतातली मालिका जिंकणे हे आपले शेवटचे शिखर असल्याचे त्याने जाहीर केले होते आणि 2001 मध्ये ते शिखर त्याला मिळाले नाही, तेव्हा सगळे खूश होते. पण हाच माणूस कोलकात्याजवळ बराकपूरला कुष्ठरुग्णांच्या मुलांसाठी चालणाऱ्या 'उदयन' संस्थेच्या कामात वर्षानुवर्षे गुंतला आहे, हे कळल्यावर अडचण झाली. ब्रेट लीने ताशी दीडशे किलोमीटरने भारतीयांच्या बरगड्या शेकल्या, ते एक वेळ सोसता आले. पण त्याने आशा भोसलेंबरोबर द्वंद्वगीत गायल्यावर त्याला शिव्या घालणे म्हणजे प्रकरण थेट मंगेशकर घराण्यापर्यंत नेण्यासारखे झाले.

त्या काळातला संवाद साधारण असा असे.

"गिलख्रिस्ट सभ्य आहे मात्र."

"तो वेगळा."

"आणि स्टीव्ह वॉ?"

"तोही वेगळा."

"ब्रेट ली?"

"तो तर आपलाच आहे."

"हेडन परवा इडली-डोशाचं कौतुक करत होता."

"मग तोही वेगळा."

अशा रीतीने वेगळ्यांची संख्या अकराच्या जवळ पोहोचली. बारावा खेळाडू, म्हणजे ब्रिस्बेनचा पाऊस, तेवढा वाईट राहिला. संघ मात्र पूर्वीइतकाच उर्मट मानला जात होता. सगळी माणसे चांगली आणि त्यांची बेरीज वाईट, हा हिशेब गणिताच्या नियमांत बसत नाही. पण सासरच्या मंडळींबद्दल तो पिढ्यानपिढ्या मांडला जात असल्याने त्यात कोणाला विसंगती वाटली नाही.

2008 च्या आयपीएलने उरलेसुरले कुंपण पाडले. सिडनीनंतर पाच महिनेही उलटले नव्हते, तोवर नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर शेन वॉर्न राजस्थानचा कर्णधार म्हणून पहिला करंडक उचलत होता आणि त्याने नवख्या पोरांना कसे घडवले यावर मराठीत अग्रलेखाच्या वळणाचे कौतुक चालले होते. 2011 मध्ये सायमंड्स आणि हरभजन, म्हणजे सिडनीत वर्णद्वेषी शेरेबाजीच्या आरोपावरून उभ्या राहिलेल्या खटल्यातले दोन्ही पक्षकार, मुंबई इंडियन्सच्या एकाच ड्रेसिंग रूममध्ये येऊन बसले. त्यांची बाजू घेऊन सोसायटीच्या जिन्यात एकमेकांशी बोलणे सोडलेली माणसे तशीच राहून गेली.

खरा धक्का 2013 चा. पवारांना खूण करणारा पाँटिंग मुंबईचा कर्णधार झाला आणि तेंडुलकरबरोबर सलामीला उतरला.

"बाबा, टाळ्या वाजवायच्या का?"

"सचिनसाठी वाजव."

"तो नॉन-स्ट्रायकरला आहे."

"मग हळू वाजव."

काही सामन्यांतच धावा होईनात म्हणून पाँटिंगने स्वतःलाच संघातून वगळले आणि कर्णधारपद रोहित शर्माकडे गेले. मुंबईने त्या वर्षी पहिले विजेतेपद मिळवले. खुर्ची आपणहून सोडणारा माणूस महाराष्ट्रात सहसा पाहायला मिळत नसल्याने या घटनेचा परिणाम खोल झाला. पुढे 2015 मध्ये तो प्रशिक्षक असताना मुंबई पुन्हा जिंकली, तेव्हा बॅटमधल्या स्प्रिंगचा विषय निघाला तर "असेलही, पण डोकं चालतं त्याचं" इथपर्यंत तडजोड झाली होती.

आदराला वाट करून देण्यात शत्रूच्या पतनाचाही वाटा असतो. मार्च 2018 मध्ये केपटाउनला ऑस्ट्रेलियाने चेंडू सँडपेपरने घासला आणि स्मिथ व वॉर्नर यांच्यावर वर्षभराची बंदी आली. इतक्या वर्षांचे आरोप एका दमात सिद्ध झाले, म्हणून पहिले चार दिवस आनंदाचे गेले. पाचव्या दिवशी स्मिथ सिडनी विमानतळावर पत्रकारांसमोर हमसून हमसून रडला आणि मागे उभ्या असलेल्या वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घरातल्या आज्या, ज्यांना चेंडू घासल्याने काय होते हे कधीच कळले नव्हते, त्या टीव्हीकडे पाहून म्हणाल्या, "पुरे करा आता, केवढं रडवताय पोराला." आजीने 'पोर' म्हटलेल्या माणसाचा द्वेष करण्याची सोय मराठी घरात नाही.

तरीही आदर मोकळा व्हायला एक अट शिल्लक होती, ती म्हणजे आपण जिंकणे. हरणाऱ्याने केलेला आदर लाचारीसारखा दिसतो. जिंकणाऱ्याने केला की त्याला दिलदारी म्हणतात. डिसेंबर 2020 मध्ये अॅडलेडला भारत 36 धावांत गारद झाला. त्यानंतर अजिंक्य रहाणेने संघ हाती घेतला आणि मेलबर्नला शतक ठोकले. 19 जानेवारी 2021 रोजी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया 1988 पासून कसोटी हरली नव्हती, तिथे जखमींना वगळून उरलेल्या पोरांनी मालिका जिंकली. पालघरच्या शार्दूल ठाकूरने पहिल्या डावात 67 धावा काढल्या. लोकल ट्रेनमध्ये किटबॅग घेऊन चढता आलेल्या माणसाला मिचेल स्टार्कचे काय भय, असा खुलासा विरार गाडीत करण्यात आला. सामना संपल्यावर रहाणेने नाथन लायनला, त्याचा तो शंभरावा कसोटी सामना होता म्हणून, सगळ्यांच्या सह्या असलेली भारतीय जर्सी भेट दिली. माटुंग्याला घरी परतल्यावर स्वागताच्या केकवर कांगारू बसवलेला दिसला, तेव्हा त्याने तो कापायला नकार दिला. प्राणी त्यांचा राष्ट्रीय आहे, हे त्याचे कारण. आदल्या दिवशी कांगारूंची शिकार, कांगारूंची दाणादाण अशा संदेशांवर अंगठे उठवणाऱ्यांनी त्या रात्री तेच अंगठे केकच्या बातमीवरही उठवले आणि आपण सगळेच कसे सुसंस्कृत आहोत, याचे समाधान मिळवले.

याच सुमारास एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. ऑस्ट्रेलियावर ठेवलेले आरोप आणि स्वतःच्या संघाकडून असलेल्या अपेक्षा ही एकच यादी होती. नजरेला नजर भिडवणे, शेवटचा गडी पडेपर्यंत न सोडणे, समोरच्याच्या घरात जाऊन त्याला ऐकवणे, हे सगळे ते करत होते तोवर त्याला माज म्हटले जाई. विराट कोहलीने तेच केल्यावर त्याला बाणेदारपणा म्हटले गेले. सौरव गांगुलीने 2001 मध्ये स्टीव्ह वॉला नाणेफेकीसाठी ताटकळत ठेवले होते, तेव्हाच याची चाहूल लागायला हवी होती. लग्नाला दोन तास उशिरा येणाऱ्या मामाला फैलावर घेणाऱ्या माणसांनीही त्या उशिराला धोरण मानले. "आपली पोरं आता ऑस्ट्रेलियासारखी खेळतात" हे वाक्य कौतुकाचे परमोच्च शिखर ठरले आणि ते बोलताना आपण कोणाचे कौतुक केले, याकडे बोलणाऱ्याचे लक्ष गेले नाही.

आदराची परीक्षा 2023 च्या नोव्हेंबरात झाली. तिचा पहिला पेपर 7 तारखेला वानखेडेवर होता. अफगाणिस्तानविरुद्ध 292 धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाची 7 बाद 91 अशी अवस्था असताना ग्लेन मॅक्सवेल पायात गोळे येऊनही एका जागी उभा राहून खेळला आणि त्याने नाबाद 201 केल्या. समोर पॅट कमिन्सने 68 चेंडूंत 12 धावा करून दाखवल्या. ज्या स्टेडियमवर गावसकरांच्या बचावाची भक्ती झाली, तिथे त्या 12 धावांची किंमत वेगळी समजावून सांगावी लागली नाही. मॅक्सवेलचे लग्न एका तमिळ घराण्यातल्या मुलीशी झाले असल्याचे स्मरून काहींनी ती खेळी जावयाच्या खात्यावर टाकली आणि कौतुकाला नातेसंबंधाचा आधार मिळवून दिला.

दुसरा पेपर 19 तारखेला अहमदाबादला. मोठ्या गर्दीला गप्प करण्याइतके समाधान कशात नाही, असे कमिन्सने आदल्या दिवशी सांगितले होते. ते ऐकून लोक हसले होते. त्याने 90,000 हून अधिक माणसे खरोखर गप्प केली, ट्रॅव्हिस हेडने 137 धावा केल्या आणि विश्वचषक गेला. रात्री अकराला घरोघरी निकाल लागला. काही जण नापास झाले. काहींनी "सांगून करतात हो ही माणसं" असे म्हणून काठावर गुण मिळवले. दुसऱ्या दिवशी मिचेल मार्शचे विश्वचषकावर दोन्ही पाय ठेवलेले छायाचित्र आले आणि काठावर पास झालेलेही परत बसले. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी कपाळाला हात लावणाऱ्या समाजाला हे पचणे कठीण होते.

"त्यांच्याकडे चालतं ते. चषक त्यांनीच जिंकलाय."

"जिंकला म्हणून पाय ठेवायचे? आम्ही टीव्हीच्या रिमोटलाही पाय लावत नाही."

सध्याची स्थिती अशी आहे. आदर आहे, पण तो दर दौऱ्याला नूतनीकरणास पात्र असतो. जानेवारी 2025 मध्ये सिडनीला बॉर्डर-गावसकर करंडक एकट्या अॅलन बॉर्डर यांच्या हस्ते देण्यात आला आणि मैदानावरच हजर असलेल्या गावसकरांना मंचावर बोलावले नाही. पवार प्रकरणाची धूळ झटकायला तेवढे निमित्त पुरले. उलट त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला नवी मुंबईत भारतीय महिलांनी ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा पार केल्या आणि वांद्र्याची जेमिमा रॉड्रिग्ज 127 धावांवर नाबाद राहिली. तो होता उपांत्य सामना. तरीही बऱ्याच घरांत पेढे त्याच रात्री आले. तीन दिवसांनी विश्वचषक हाती आला, तेव्हा उरलेले पेढे वाटण्यात आले. कोणाला हरवल्यावर मिठाईचे दुकान उघडून घ्यावेसे वाटते, यावरून आदराचे मोजमाप करता येते. त्यासाठी कबुलीजबाब लागत नाही.

या आदराला काही नियम आहेत. तो भारत मालिका जिंकल्यानंतर किंवा भारत स्पर्धेतून बाहेर पडल्यानंतरच व्यक्त करावा. व्यक्त करताना आधी दोन जुन्या तक्रारी सांगाव्यात. निवृत्त खेळाडूचे कौतुक मोकळेपणाने करावे, खेळत असलेल्याचे 'पण' लावून करावे. ट्रॅव्हिस हेडला तूर्त कोणतीही सवलत देऊ नये.

यामुळे रागाची जागा रिकामी राहील, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. 2024 च्या फेब्रुवारीत राजकोटला मुंबईच्या यशस्वी जयस्वालने इंग्लंडला झोडपून काढले, तेव्हा प्रतिस्पर्धी असे खेळतात याचे थोडे श्रेय आपल्यालाही मिळायला हवे, अशा अर्थाचे उद्गार इंग्लंडच्या बेन डकेटने काढले. जिंकून माज करणाऱ्यांची सवय झालेल्या मराठी प्रेक्षकाला हरून श्रेय मागणारा संघ ही नवी चीज होती. इंग्लंडच्या नावाचा प्रस्ताव तेव्हापासून गांभीर्याने विचाराधीन आहे.